सोमाजीचा पट आणि साहेबाचं बेट

इंग्रजीतल्या लांब शब्दांनी मला कधी त्रास दिला नाही. लांब शब्द दुरून येताना दिसतो, माणूस सावध होतो, आणि आपण सांगितलेला अर्थ तपासून पाहण्याची ऐकणाऱ्याला हिंमत होत नाही. घात करतात ते लहान शब्द. ज्या शब्दानं मला सावली ते चांदा पळवलं, दोन बैल सरकारी कोंडवाड्यात घातले आणि माझ्या कपाळावर हे टेंगूळ आणलं, तो फक्त तीन अक्षरांचा होता. बी, ई, टी. बेट.

सावलीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. गावात इंग्रजी येणारा मी एकटाच, असं गाव मानत होतं, आणि गावाचं मन मोडण्याचा माझा स्वभाव नाही. तार आली की माझ्याकडे, दवाखान्यातून बाटली आली की माझ्याकडे. एकदा एका डब्यावरचा मजकूर वाचून "हे पोटात घ्यायचं नाही" एवढं मी सांगितलं होतं. ते औषध ढोरांच्या खुरांना लावायचं निघालं. तेव्हापासून कोतपल्लीवार मास्तरांनी एक माणूस वाचवला असं लोक म्हणत.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. धान घरी आलं होतं. एका सकाळी मी ओसरीत दाढी करत बसलो असताना सोमाजी आला. मागे त्याचा साळा मुखरू. सोमाजी हा बाजूच्या खेड्यातला कास्तकार. बैलांच्या शर्यतीचा पट त्याच्या बापानं सुरू केला होता, आणि बापामागे तो दरसाल भरवत असे. त्याची चांद्या-पाखऱ्याची जोडी पटात सुटली म्हणजे म्हातारी माणसंही बांधावर चढत.

"मास्तर," सोमाजी खाली बसत म्हणाला, "'यू बेट' म्हंजे का?"

अर्ध्या गालाला साबण असताना अर्थ सांगू नये, असा नियम मी पुढे केला. त्या दिवशी तो नव्हता.

"कोण म्हणालं?"

"रेंजर साहेब."

हे चाको साहेब जंगलखात्याचे, मलबारकडचे. लढाईत अमेरिकन फौजेबरोबर ब्रह्मदेशात राहून आलेले. इंग्रजी बोलत ते नाकातून, आणि हिंदी बोलत ती कुठून ते कळत नसे. सोमाजी त्यांच्याकडे पटाच्या मांडवासाठी बांबू मागायला गेला होता. साहेबानं सारं ऐकून घेतलं, हसला, सोमाजीच्या पाठीवर हात मारला, "यू बेट" म्हणाला आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

"मी म्हणतो, त्यानं बेट देल्लं," मुखरू म्हणाला. "ऑफिसामांगं बांबूचं बेट आहे न, तिकडं हात केला त्यानं. 'ह्यू बेट' म्हणला. थो मराठी शिकून राह्यला."

मुखरूच्या अडाणीपणाची मला दया आली. मी आत जाऊन खिशातला कोश आणला. त्यात स्वच्छ छापलं होतं: बेट म्हणजे पैज, होड. यू म्हणजे तू, हे सांगायला कोश लागत नाही. दोन्ही जोडून मी अर्थ सांगितला.

"साहेब म्हणतात, तू पैज लाव."

सोमाजीनं कोशात डोकावून पाहिलं. "मी त बांबू मांगतले होते."

"बांबू हवे असतील तर पैज लाव, असा त्याचा अर्थ. साहेब लोकांची पद्धत असते."

साहेब लोकांची पद्धत मला काय ठाऊक असणार. पण वाक्य अर्धं सोडवत नाही, ही मास्तरकीतली खोड आहे.

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचली. गुलाम रसूल यांचं कापडाचं दुकान म्हणजे सावलीचं वरचं कोर्ट. तिथे पहिला प्रश्न निघाला तो असा, की पैज कशाशी. साहेबाकडे बैल नाहीत, घोडा नाही. आहे ती जीप. म्हणजे जोडी विरुद्ध जीप, हे आपोआपच ठरलं. "मास्तरसाब," गुलाम रसूल कापड मोजता मोजता म्हणाले, "साहेबनं खुद होऊन जबान टाकली. आता पाठ दाखवली त पुऱ्या सावलीची इज्जत गेली समजा." एक जण म्हणाला, जीपला पेट्रोल लागतं, ते त्या दिवशी कमी भरतील असं पाहावं. दुसऱ्याचं म्हणणं, बैलांना आठवडाभर जीपचा आवाज ऐकवावा, पण जीप आणायची कोठून. मग एक माणूस रोज संध्याकाळी गोठ्यासमोर उभा राहून तोंडानं जीपचा आवाज काढू लागला. बैलांवर काही परिणाम झाला नाही. त्याचा घसा मात्र बसला.

सोमाजीला हसू येत नव्हतं. त्यानं देवीसमोर नारळ फोडून शब्द दिला की जोडी हरली तर आपण पुन्हा पट भरवणार नाही. बापाचा पट. आणि त्याच्या मुळाशी मी, साबण लावलेला.

"तुमी एकडाव साहेबालेच जाऊन इचारा न," माझी बायको अन्नपूर्णा म्हणाली. "इंग्रजी येते म्हणता त दोन शब्द बोलून पाहा."

'येते म्हणता' हे शब्द मी ऐकले नाहीत असं दाखवलं आणि कोट घातला.

रेंज ऑफिसात साहेब जीपमध्ये बसायच्याच तयारीत होते. एटापल्लीकडे दौरा होता. मी रस्ताभर वाक्य घोटत आलो होतो.

"सर, डू यू बेट?"

साहेबांनी टोपी मागे सारली. "ऑन व्हॉट?"

"सोमाजीज बुलक्स, सर. अँड युवर जीप."

ते इतकं हसले की ड्रायव्हरही कारण न कळता हसला. मग त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं आणि म्हणाले, "यू आर ऑन." पटाच्या दिवशी मी जीप घेऊन येतो, असंही म्हणाले. जीप धूळ उडवत गेली.

यू आर ऑन. तुम्ही वर आहात. मी स्वतःकडे पाहिलं. मी पायरीच्या खाली उभा होतो. तेव्हा उभं राहण्याचा इथे काही संबंध नव्हता. परत येताना विचार करकरून माझ्या ध्यानात आलं की हा विनय आहे. साहेब पैजेतून मागे सरले होते. तुम्ही श्रेष्ठ, तुम्ही वरचे, असं मोठ्या मनानं कबूल करत होते. पटाला येणार ते पाहुणे म्हणून.

मी तसं जाऊन सांगितलं. सोमाजीनं माझे पाय धरले. गुलाम रसूल यांनी मला चहा पाजला. न पळता जोडी जिंकली होती, आणि जिंकली म्हणजे बांबू मिळाले होते. फक्त किती बांबू, हे कोणी विचारलं नाही. मुखरूनं विचारायची गरजच ठेवली नव्हती. त्याच्या मते साहेबानं बेट दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात असताना निरोप आला. मुखरूनं ऑफिसामागचं बेट कापलं होतं. अख्खं. जिथे सावली पडायची तिथे आता आभाळ दिसत होतं. जंगलाच्या नाकेदारानं त्याला गाडीसकट धरलं होतं, आणि माल पुष्कळ म्हणून मुखरूनं गाडीला घरातली सगळ्यात तगडी जोडी जुंपली होती. चांद्या आणि पाखऱ्या रेंज ऑफिसच्या कोंडवाड्यात उभे होते. पट तोंडावर आला होता.

मी धावत गेलो. नाकेदार आणि ऑफिसचा कारकून असे दोघं बसले होते.

"साहेबांनी परवानगी दिली होती," मी म्हणालो.

"लेखी?" कारकुनानं विचारलं.

"तोंडी."

"शब्द कोणता?"

"यू बेट."

त्यानं तो शब्द कागदावर उतरवला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. "याचा अर्थ परवानगी असा होतो, हे लिहून द्या मास्तर. तुमी इंग्रजीचे."

आता मी पेचात सापडलो. अर्थ परवानगी असा लिहावा, तर सोमाजीला पैज कशाची लावायला सांगितली. अर्थ पैज असा लिहावा, तर सरकारी मास्तर सरकारी आवारात जुगाराच्या निरोपांची ने-आण करतो, असं आपल्याच हातानं नोंदवल्यासारखं होतं. बदलीचं भामरागड माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले की मास्तर आणि शाळा दोन्ही चार महिने सरकारच्या नजरेतून उतरतात, आणि शिक्षणखात्याला नावडते मास्तर त्यासाठी लागतातच.

"मुखरू म्हणतो, बेट म्हंजे बेट," नाकेदार म्हणाला. "तेही लिहू का?"

"शब्द इंग्रजी आहे," मी म्हणालो.

"मंग इंग्रजीचा दाखला आणा. मोठ्या ठिकाणचा. आमच्याकडं परवानगीचा छापील नमुना जुन्या राज्याचा आहे, हिंदीतला. चालते का नाई ते साहेब आल्यावर कळन."

"तोवर बैल?"

"खाऊन राह्यले न," नाकेदार म्हणाला. ते खरं होतं. सरकारी कडबा दोघंही मन लावून खात होते. फक्त सोमाजी कोंडवाड्याबाहेर बसला होता. पाखऱ्यानं मान लांब करून त्याचं पागोटं हुंगलं, तेव्हा मी तिथून निघालो आणि सरळ चांदा शहराची मोटार धरली.

चांद्याला अन्नपूर्णेचे मामा वकील होते. त्यांच्या बैठकीत एक उशीएवढा जाड इंग्रजी कोश होता. त्यावर ते पानाचा डबा ठेवत. मोटारीत मला एक क्षण स्वस्थ बसता आलं नव्हतं. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, पोटात दुखते का. मामांनी सगळं ऐकलं आणि डबा हळूच खाली उतरवला.

"आमच्या धंद्यात शब्दाचा अर्थ शेवटी पाहतात," ते म्हणाले. "आधी पक्षकार पाहतात. तुझा पक्षकार कोण, बैल का मास्तर?"

मी पान उलटत होतो. माझ्या खिशातल्या कोशात जो शब्द एका ओळीत उरकला होता, तो इथे ऐसपैस पसरला होता. बेट म्हणजे पैज. पैजेवर लावलेली वस्तूही बेटच. मला खात्री वाटते, असं म्हणायचं असलं तरी इंग्रज 'आय बेट' म्हणतो, आणि त्यात लावत काहीच नाही. अगदी तळाशी बारीक टायपात, अमेरिकेच्या बोलीतला म्हणून, तो बसला होता. यू बेट: हो, अवश्य, हे काय विचारणं झालं.

म्हणजे साहेब फक्त हो म्हणाले होते. सोमाजीनं बांबू मागितले, साहेबानं हो म्हटलं. यात पैज नव्हती, जीप नव्हती, नारळ नव्हता. मी घाम पुसून 'ऑन' काढला. त्याला तर पानंच्या पानं होती. मामांनी चष्मा लावून बोट ठेवलं. यू आर ऑन: तुमची पैज मंजूर.

नव्हती तेव्हा मी पैज लावून आलो होतो, आणि लागली तेव्हा ती सुटली म्हणून सांगत आलो होतो.

"हे सांगायलाच पाहिजे का?" मी मामांना विचारलं.

"न सांगता निभावलं असतं," मामा डबा पुन्हा कोशावर ठेवत म्हणाले. "पण तो जीप घेऊन येणार आहे न."

मी परतलो तो पटाचाच दिवस होता. मोटार थेट पटाच्या रस्त्यावर थांबली. कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, सपाट करून दोन पट्टे आखले होते. दूरदूरची माणसं आली होती. खाऊची दुकानं लागली होती, लाऊडस्पीकर खरखरत होता, फक्त मांडव नव्हता आणि सोमाजीची जोडी नव्हती. सोमाजी धुतलेलं धोतर नेसून नुसता उभा होता. मी त्याच्याकडे निघालो तोच एटापल्लीच्या धुळीनं लाल झालेली जीप आली.

साहेब उतरले. "व्हेअर आर द बुलक्स?"

"सर, युवर ऑफिस हॅज अरेस्टेड देम."

मग मी सगळं सांगितलं. पैज, विनय, बेट, कोंडवाडा, चांदा. माझं इंग्रजी इतकं सलग त्याआधी कधी चाललं नव्हतं. साहेब ऐकत राहिले. त्यांनी नाकेदाराला बैल आणायला पाठवलं आणि मला म्हणाले, हे सगळं आता या लोकांनाही सांगा. त्यांच्या भाषेत. असं म्हणून त्यांनी लाऊडस्पीकरवाल्याकडून बोलायचं यंत्र मागून माझ्या हातात दिलं.

अनेक माणसांची भाषणं मी भाषांतरित केली आहेत. स्वतःच्या मूर्खपणाचं भाषांतर, तेही लाऊडस्पीकरवरून, त्या दिवशी पहिल्यांदा केलं. एखादा शब्द इकडचा तिकडे करावा असं फार वाटलं. पण समोर सोमाजी होता.

"साहेब फक्त हो म्हणाले होते," मी म्हणालो. "पैज मी लावली. मला अर्थ चुकीचा कळला."

जिलेबीवाल्यानं झारा थांबवला.

"म्हंजे पैज नवतीच?" सोमाजीनं विचारलं.

"तेव्हा नव्हती. आता आहे. साहेबांनी मंजूर केली."

"आन् माहा नारळ?"

सोमाजीनं पागोटं काढलं, झटकलं आणि पुन्हा घातलं. "देवीसमोर मी इंग्रजीत नाई बोललो मास्तर," तो म्हणाला. "बैल येऊ द्या. पळवतो."

बैल आले. सरकारी कडब्यावर दोघांच्याही कातडीला तकाकी आली होती. सोमाजी स्वतः छकड्यावर चढला. साहेब जीपमध्ये बसले, आणि दुभाषी म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणजे अख्खा मुलूख एका बाजूला आणि मी जीपमध्ये. माझ्याकडे पाहून गुलाम रसूल यांनी तोंड फिरवलं. जिच्या हातचा चहा पिऊन मी रोज इंग्रजी शब्द पाठ केले, ती अन्नपूर्णाही बायकांच्या घोळक्यात दुसरीकडे पाहत होती.

झेंडी पडली. बैल सुटले ते धनुष्यातून बाण सुटावे तसे, आणि सुरुवातीला आम्ही त्यांची धूळ खाल्ली. मग जीपनं जोर धरला. पुढे सोमाजीची पाठ दिसत होती, मग बाजूला दिसू लागली, मग त्याचा चेहरा दिसला. तो आमच्याकडे पाहतच नव्हता. बैलांना काहीतरी सांगत होता, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. जीप पुढे निघाली. पट संपत आला होता आणि सोमाजीच्या बापाचा पटही संपत आला होता.

एवढ्यात समोर एक न मोडलेला बांध दिसला. साहेब ओरडले, "होल्ड ऑन."

होल्ड म्हणजे धरा. याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. माझा अर्थ या वेळी शंभर टक्के बरोबर होता. फक्त काय धरायचं ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. जीपला दार नव्हतं, दांडा नव्हता. समोर मधोमध एक मूठ बाहेर आलेली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन ओढली.

तो हातब्रेक होता.

जीप बांधावर तिरपी चढली, स्वतःभोवती वळली आणि जिकडून आली तिकडे तोंड करून थांबली. माझं कपाळ पुढच्या काचेच्या चौकटीवर आपटलं. डोळे उघडले तेव्हा चांद्या-पाखऱ्या झेंडीपार गेले होते आणि माणसं त्यांच्यामागे धावत होती. काही माणसं माझ्याकडेही धावत आली. मला खाली उतरवलं, खांद्यावर घेतलं. "मास्तरनं आतून गाडी रोकली," कोणी तरी सांगत होतं. "डोकं देल्लं, पण रोकली." मी खरं सांगायचा प्रयत्न केला. पण एका दिवसात दोनदा खरं सांगणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही.

साहेब पँट झटकत आले. त्यांनाही मी हे मुद्दामच केलं असं वाटत होतं, आणि त्यामुळे त्यांच्या नजरेत माझ्याविषयी पहिल्यांदा थोडा आदर होता. त्यांनी सोमाजीचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, मी हरलो तर काय द्यायचं ठरलं होतं.

काहीच ठरलं नव्हतं. कोणी म्हणालं, मुखरूचा गुन्हा मागे घ्या. साहेब म्हणाले, कागदावर चढलेला गुन्हा उतरत नाही. पण शिक्षा ते स्वतः ठरवू शकतात. मुखरूनं पावसाळाभर साहेबांसोबत हिंडायचं आणि ते दाखवतील तिथे बांबू लावायचा. मुखरूला वाटलं की जीपमध्ये बसायला मिळणार. त्यानं ताबडतोब गुन्हा कबूल केला.

"आन् तुले का पायजे सोमाजी?" गुलाम रसूल यांनी विचारलं.

सोमाजी बैलांचा घाम पुसत होता. त्यानं थोडा विचार केला.

"साहेबानं आमची बोली शिकावी," तो म्हणाला. "मंग मधात मास्तर नाई लागनार."

हे मलाच भाषांतरित करून सांगावं लागलं. मी 'मधात मास्तर' गाळणार होतो. पण साहेब माझ्या तोंडाकडे फार बारकाईनं पाहत होते. मी सगळं सांगितलं.

माझी अशी समजूत होती की शिकवायला मलाच बोलावतील. मी बाराखडी काढून ठेवली. दोन नवे खडू आणले. अन्नपूर्णेनं ओसरी सारवली. कोणी आलं नाही. साहेब जंगलात मुखरूसोबत हिंडत होते.

आखाडात बाजाराच्या रस्त्यावर मी छत्री सावरत चाललो असताना मागून जीप आली आणि थांबली. साहेब चिखलानं भरले होते, मुखरूही. साहेबांनी बाहेर डोकावून पाहिलं.

"काऊन मास्तर," ते म्हणाले, "कुठी जाऊन राह्यले?"

अगदी आमच्यासारखं. नाकातून नाही. मी गोंधळलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं उत्तर दिलं, "टु द मार्केट, सर."

साहेबांनी मान कलती केली. मग ते शेजारी वळून मुखरूला म्हणाले, "का म्हणते?"

"बजारात जाऊन राह्यले म्हणते," मुखरूनं सांगितलं.

"बसा मंग," साहेब म्हणाले. मी मागे बसलो. बाजार येईपर्यंत पुढे दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. मधे मला कोणी काही विचारलं नाही.